ताईच्या पोकळ नाण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, अविवाहित, हा कागद राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. राजीखुशी जरा कमी पडते आहे, पण तो शब्द गाळता येत नाही असे वकिलांचे म्हणणे. अक्कलहुशारीबद्दल कोणाला शंका आल्यास माझ्या थोरल्या बहिणीकडे चौकशी करू नये. तिचे मत ठरलेले आहे आणि ते कोणत्याही कोर्टात टिकेल.

माझ्यावर कोणा व्यक्तीचे दडपण नाही. दडपण आहे ते गुरुवारचे. गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. शंभरातले पंच्याण्णव जण चालत घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. उरलेले पाच कसे जातात, असे विचारल्यावर ते फाइल चाळू लागले. म्हणून ही तजवीज. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी दाखवल्यास अक्षर तपासावे. माझ्यासारखे वाईट अक्षर सहजासहजी कोणाला काढता येत नाही.

कलम १. घर.

वडील घड्याळे दुरुस्त करीत. त्यांनी बांधलेल्या या दोन मजली घरात खालच्या पुढच्या गाळ्यात शिंपी भाड्याने आहेत, मागच्या दोन खोल्यांत मी, आणि वर ताई. माझा निम्मा हिस्सा मी ताईला देत आहे. त्याबरोबर जिन्याची तिसरी पायरीही तिच्याकडे जाईल. ती मी सहा वर्षे 'येत्या रविवारी' बसवणार आहे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. व्यवसाय जादूगार. तिने रंगमंच सोडून नऊ वर्षे झाली, तरी मी हा शब्द भूतकाळात घालत नाही. कारण कलम चारमध्ये येईल. तिने एकदा लग्न केले होते. तीन वर्षांनी एक ट्रंक आणि दोन कबुतरे घेऊन ती परत आली. नवऱ्याबद्दल तिने एवढेच सांगितले, की प्रत्येक खेळ संपला की तो "कळलं मला" म्हणायचा. वडिलांनी कबुतरांसाठी खिडकीला जाळी लावून दिली.

कलम २. शिल्लक.

बँकेत जे काही आहे ते ताईचे. आकडा लिहीत नाही. ती हसेल.

कलम ३. पुस्तके.

शाळेच्या वाचनालयाला. व्याकरणाची पुस्तके कोणी उघडणार नाही याची मला कल्पना आहे. निदान ती खालच्या कप्प्यात ठेवावीत, म्हणजे कपाट हलणार नाही. शिक्षकांच्या खोलीत बावीस वर्षे माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंना माझे शाईचे पेन द्यावे असे फार मनात होते. परंतु त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवले की भानगड होते असे वकील सांगतात. तेव्हा बाईंना काहीही नाही. त्यांनी ते आजवर न विचारता वापरले आहे, तेवढ्यावर समाधान मानावे.

कलम ४. नाणे.

हे कलम लांब आहे. हे ज्याच्या हातात वाचायला येईल त्याने आधी ताईला खुर्चीवर बसवावे.

वस्तू पुढीलप्रमाणे: पितळेचे एक मोठे नाणे, मागून पोखरून वाटीसारखे केलेले. तांब्याचे एक धाकटे नाणे, त्या वाटीत नेमके बसणारे. समोरून पाहिल्यास दोन्ही साधी. ताई ही दोन्ही तळहातावर दाखवी, मूठ मिटे, उघडे, आणि तळहातावर पितळेचे एकटे. तांब्याचे कुठे गेले, तर कुठेच नाही, भावाच्या कुशीत. पुन्हा मूठ, मनगटाला कोणाला न दिसेल असा हलका हिसका, आणि तांब्याचे परत हजर. धंद्यातले गुपित मी तिच्या परवानगीवाचून इथे फोडत आहे. मेलेल्या माणसावर तिला रुसता येणार नाही, या हिशेबाने.

या जोडीचा नियम एकच होता. तिच्या हातांखेरीज त्यांना काही लागता कामा नये. घाम, तळहात आणि वर्षे, यांनीच दोघं सारखी काळवंडली पाहिजेत. नवी चमक आली की कड दिसते, आणि कड दिसली की खेळ संपला. "माझ्या नाण्यांना हात लावायचा नाही," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकले आहे, की मला ते एखाद्या सूत्रासारखे पाठ होते. सूत्र पाठ असणे आणि ते पाळणे यांत अंतर असते, हे मास्तरांइतके कोणाला ठाऊक असणार.

नऊ वर्षांपूर्वी जादूगारांच्या संस्थेने ताईचा सत्कार ठरवला. चौदाव्या वर्षी पहिला प्रयोग, त्याला चाळीस वर्षे झाली म्हणून. कार्यक्रम दुपारचा. सकाळी ती केस कापून घ्यायला गेली असताना मी तिच्या थैलीतून ही जोडी काढली. शेवटच्या रांगेपर्यंत चमकावी, एवढाच हेतू. भांडी उजळायचा पांढरा लेप आणि जुना टूथब्रश घेऊन मी अर्धा तास खपलो. मग फडक्याने पुसून जिथल्या तिथे ठेवली. वाटीच्या आतल्या कोपऱ्यात ब्रश पोचतो पण फडके पोचत नाही, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती.

व्यासपीठावर तांब्याचे आत गेले ते गेले. ताईने मूठ मिटली, उघडली. एकच. पुन्हा मिटली. एकच. तिसऱ्या वेळी ती लोकांकडे बघून म्हणाली, "आज तिकडेच रमलंय बहुतेक." सभागृह हसले, टाळ्याही पडल्या. लोकांना तो विनोदच वाटला. पण समोरच्या तीन रांगा जादूगारांच्या होत्या.

नंतर मी आत गेलो तेव्हा पडद्यामागे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे 'मखमली' म्हणतात, कोटामुळे आणि बोलण्यामुळेही. ते शेजारच्याला म्हणाले, "बाईंचा हात गेला." हळूच म्हणाले, पण ताईला ऐकू जाईल इतक्याच हळू.

आम्ही बसने परत आलो. ताईने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. कोणी अनोळखी माणसाने सांभाळायला दिलेल्या पिशवीकडे बघावे तशी ती त्यांच्याकडे बघत होती. दोन थांबे गेल्यावर तिने विचारले, "हात थरथरला का रे माझा? तू समोर होतास."

मी म्हणालो, "लांबून नीट दिसलं नाही."

मी दुसऱ्या रांगेत होतो.

लेपाचा विचार माझ्या मनात तेव्हाच आला होता. मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे मला कळलेच नाही अशी सबब कोणी माझ्या वतीने पुढे करू नये. उद्या सांगू म्हटले. उद्या ती डॉक्टरांकडे गेली. त्यांना हातात काहीच सापडले नाही, आणि तिने ते डॉक्टरांचे सौजन्य समजले. आठवड्याने तिने खेळाच्या टेबलावरचे काळे कापड खाली शिंप्यांना अस्तरासाठी देऊन टाकले. त्यानंतर सांगणे म्हणजे नुसते सांगणे राहिले नाही. महिन्याने जे अवघड होते ते वर्षाने अशक्य झाले, आणि मला दर वर्षी ते अधिक अशक्य करण्याची सवय लागली.

आता ती शब्दकोडी सोडवते, पेनाने, एकही खाडाखोड न करता. आणि गेली नऊ वर्षे ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. एकदाही सांडलेला नाही. मी रोज सकाळी समोर बसून तो न सांडलेला कप पाहत आलो आहे.

न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणून एक प्रकरण आहे. खूण खरी असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. नाणे अडकले, म्हणून हात गेला. हे प्रकरण मी सत्तावीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो, आणि संध्याकाळी घरी येऊन ते जसेच्या तसे चालू ठेवत आलो.

अडकलेले नाणे ताईने बटणांच्या डब्यात टाकले होते. ते मी उचलले. सुटले तर कळेल नक्की काय झाले, असे मी मनाशी म्हणे. आणि कळू नये म्हणून फारसे प्रयत्न करत नसे. एकदा सुई घातली, ती मोडली. एकदा तेल सोडले, ते वाहून गेले. एकदा वडिलांची बारीक सुरी कडेला लावली आणि लगेच काढून घेतली, कारण पितळेवर ओरखडा उठला तर तो माझ्या नावावर आणखी एक.

या वर्षी हृदयाचे निदान झाले तेव्हा मी ही जोडी बनवणाऱ्या कारागिराला पत्र टाकले. ते लेथवाले काका इथून दिवसभराच्या प्रवासावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, अक्षर माझ्यापेक्षा चांगले. मी विचारले होते, की जुने नाणे हाताच्या कंपामुळे अडकू शकते का. उत्तर आठ दिवसांत आले, एका डबीतून, पोस्टकार्डावर लिहिलेले. ते जसेच्या तसे देतो:

"मी केलेलं नाणं हातामुळे अडकत नाही. हात थरथरला तर उलट लवकर सुटतं. कुणीतरी आत काहीतरी भरलंय. टोकरू नका, तेल घालू नका. सोबत रिंग पाठवली आहे. नाणं गरम किटलीच्या झाकणावर दहा मिनिटं ठेवा. मग पोकळ बाजू खाली करून रिंगवर बसवा, दोन्ही घट्ट धरा, आणि घडी घातलेल्या टॉवेलवर सपाट आपटा. मोठं रिंगच्या काठावर अडतं, धाकटं आपल्या वेगात खाली जातं. सुटेपर्यंत आपटा. आणि ज्याने भरलं त्याला माझा निरोप सांगा. निरोप पोस्टकार्डावर लिहिण्यासारखा नाही."

गेल्या बुधवारी दुपारी मी आपटायला बसलो. चौथ्या ठोक्याला वरून ताईने विचारले, काय ठोकतोयस. मी म्हटले, खिळा. कुठल्या भिंतीत, असे तिने विचारले, तेव्हा मी किटली पुन्हा तापत ठेवली. तेविसाव्या ठोक्याला टॉवेलवर तांब्याचे नाणे पडलेले दिसले. आवाज झाला नाही. वडिलांचे भिंग डोळ्याला लावून मी पितळेच्या वाटीत पाहिले. आतल्या कोपऱ्यात गोल फिरून आलेली एक पांढरी, दगडासारखी वाळलेली कड होती. बाकी काहीही नव्हते.

सबब: दोन्ही नाणी, न धुता, पांढऱ्या कडेसह, रिंग, आणि काकांचे कार्ड, हे सर्व मी ताईला देत आहे. हात गेलेला नव्हता. तो कधीच गेलेला नव्हता. हे तिला माझ्या मृत्यूनंतर, पण बारा दिवसांच्या आत, मोठ्याने वाचून दाखवावे. आणि त्या वेळी तिच्या हातात कप देऊ नये.

(हे कलम रद्द. कलम ७ पाहावे.)

कलम ५. हत्यारे.

वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे टेबल, चिमटे, बारीक हातोड्या आणि भिंग लेथवाल्या काकांना. त्यांना हत्यारे पुष्कळ असतील, पण त्यांचा राग मी पाहिला आहे. अशा माणसाच्या हातात वडिलांची हत्यारे शोभतील. वाहतूक खर्च माझ्या शिलकीतून.

कलम ६. राग, रुसवे वगैरे.

अ) माजी मुख्याध्यापक, ज्यांनी संस्कृतचे तास दुपारच्या जेवणानंतर लावले. राग कायम. तो कोणाकडेही हस्तांतरित करू नये.

आ) मखमली. त्यांच्यावर मी नऊ वर्षे राग धरला. भेटल्यावर मान हलवली नाही. एका समारंभात त्यांनी हात धुवायची जागा विचारली तेव्हा मी त्यांना जाणूनबुजून गोदामाकडे पाठवले, आणि ते बऱ्याच वेळाने आले. आता दिसते, की त्यांनी काढलेला निष्कर्ष मी पुरवलेल्या पुराव्यावरच काढला होता. तेव्हा हा राग निराधार ठरवून मी मागे घेतो. त्यांच्या कोटाविषयीचे माझे मत अबाधित राहील.

कलम ७. दुरुस्ती.

वरील सहा कलमे मी रविवारी लिहून संपवली. आज मंगळवारी साक्षीदार म्हणून शिंपी आणि गणिताच्या बाई सहीसाठी आले. साक्षीदाराने आतला मजकूर वाचण्याची गरज नसते. शिंप्यांनी वाचला नाही. बाई म्हणाल्या, बावीस वर्षे मी यांची हजेरीपत्रके तपासत आले आहे, न वाचता सही करणार नाही. कलम चार संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मास्तर, हे ताईंना तुम्ही गेल्यावर कळणार?"

मी म्हटले, मृत्युपत्राची पद्धत तीच असते.

"आणि तुम्ही त्या पंच्याण्णवांत निघालात तर?"

तर कागद कपाटात राहील, असे मी म्हटले.

"म्हणजे शंभरात पंच्याण्णव वेळा त्यांना कळणारच नाही. तुम्ही बरे व्हाल, आणि त्या कप दोन हातांनी धरत राहतील." त्यांनी चष्मा परत लावला. "तुमचं गणित पहिल्यापासून कच्चंच."

मी नाणी, रिंग आणि कार्ड घेऊन वर गेलो. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे. ती मोडली, हेही नमूद करतो.

ताई खिडकीजवळ शब्दकोडे सोडवत होती. मी दोन्ही नाणी वर्तमानपत्रावर ठेवली, पितळेचे उताणे. काय बोलायचे ते जिन्यात जुळवले होते, ते लागले नाही. तिने पांढऱ्या कडेवर नख चालवले आणि ते नाकाशी नेले.

"हे कशाचं?"

"भांड्यांचं."

"कधी?"

"सत्काराच्या सकाळी. तू केस कापायला गेली होतीस."

तिने काकांचे कार्ड वाचले. उलटून मागे काही आहे का तेही पाहिले. मग ती खिडकीच्या जाळीकडे वळली. मला वाटले, ओरडेल. ओरडली असती तर बरे झाले असते.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, "मी माझ्या हातांना नको नको ते बोलले. रोज. त्यांचं काही चुकलं नव्हतं."

मी तिच्या पेनाला टोपण लावले.

मग तिने तांब्याचे नाणे उजव्या हाताच्या बोटांवर घेतले. पहिल्या बोटावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तिथून ते निसटले आणि पलंगाखाली गेले. मी खाली वाकू लागलो. "तू वाकू नकोस, छाती फुटेल," असे म्हणून ती स्वतः गुडघ्यावर बसली आणि हात घालून ते काढले. उठताना पलंगाचा आधार घेतला. पुन्हा बोटांवर घेतले. पुन्हा पडले. पाचव्या वेळी ते करंगळीपर्यंत जाऊन परत आले.

"गंज चढलाय," ती म्हणाली. थरथर हा शब्द तिने वापरला नाही. आणि हात पुढे करून म्हणाली, "तो कागद दे इकडे, काय लिहून ठेवलंयस बघू."

तिने संपूर्ण मृत्युपत्र वाचले. कलम दोनला हसली. कलम चारच्या खाली मी तिच्या देखत 'रद्द' असे लिहिले, कारण सदर वस्तू माझ्या हयातीत, माझ्या हाताने दिल्या गेल्या आहेत. पुढचे कलम तिने सांगितले आणि मी लिहून घेतले. ते कायद्यात बसत नाही हे मी तिच्या कानावर घातले. ती म्हणाली, बसव.

कलम ८. ताईच्या सांगण्यावरून.

"मी याला माफ केलेलं नाही. लगेच होण्यासारखं ते नाही, आणि घाईने केलेलं मला चालणार नाही. त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ याने हजर राहायचं. दवाखान्यातून आल्यावर रोज सकाळी दहा वाजता माझ्यासमोर बसायचं, दुसऱ्या रांगेत बसतात तितक्या अंतरावर. माझ्या हातांकडे बघायचं. कड दिसली तर दिसली म्हणून सांगायचं. नीट दिसलं नाही असं म्हणायचं नाही. हे किती महिने चालेल ते मी ठरवीन. हा नेमून दिलेला माणूस आहे, याच्या जागी दुसरा चालणार नाही, हे डॉक्टरांनाही कळवावं."

वरील अट पाळणे सर्वस्वी माझ्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. तरीही ती मला मान्य आहे. एवढी मान्य असलेली अट मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही कागदावर पाहिलेली नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, आणि या घरात ज्याला वाचून दाखवायला हवे होते त्याला वाचायला देऊन, त्यावर सही करत आहे.

स्थळ: वरच्या मजल्यावर, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: गुरुवारच्या आधीचा मंगळवार, दुपारी पावणेचार.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १, शिंपी: मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही. ताईंनी काळे कापड परत मागितले आहे. त्याचे अस्तर होऊन नऊ वर्षे झाली, नवे बेतून देतो. (सही)

साक्षीदार २, गणिताच्या बाई: मजकूर वाचला. मृत्युपत्र करणार शुद्धीवर आहेत. त्यांची बहीण अजून रागात आहे. सही होईपर्यंत दोघं एकाच बशीतली बिस्किटे खात होती, आणि ताईंनी कप एका हाताने धरला होता. (सही)